उद्यानातील ताय-ची : शांघाय शहराची एक सार्वजनिक परंपरा

यांगत्से नदीच्या मुखाजवळ वसलेले शांघाय हे चीनमधील एक प्रचंड महानगर होय. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे अडीच कोटी होती. व्यापार, जहाजवाहतूक आणि गगनचुंबी इमारती यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. तथापि कार्यालये आणि पेढ्या उघडण्याच्या कितीतरी आधी या शहराचा दिवस उद्यानांत सुरू झालेला असतो. उजाडताच फूशिंग उद्यानातील चिनाराच्या जातीच्या उंच वृक्षांखाली वयस्क स्त्रीपुरुषांचे लहान लहान गट जमू लागतात. अंगावरचा कोट फांदीला अडकविला जातो, चहाची बाटली बुंध्याशी ठेवली जाते, क्षेमकुशलाचे चार शब्द बोलले जातात. मग सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि सर्वांचे हात एकाच वेळी, पाण्यावर तरंगत वर यावेत तसे, खांद्यांच्या उंचीपर्यंत सावकाश वर येतात. पुढची काही मिनिटे कोणी बोलत नाही. हा व्यायाम म्हणजे ताय-ची.

छायाचित्रे आणि चित्रपट यांमुळे हे दृश्य इतके परिचित झाले आहे की ते अनादि काळापासून असेच चालत आले असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः ताय-ची ही कला जुनी असली, तरी तिचे सार्वजनिक उद्यानात येणे ही विसाव्या शतकातील घटना आहे. त्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक, काही घराण्यांच्या अंगणात जपलेली ही विद्या बाहेर पडावी लागली; आणि दुसरी, शांघायमधील उद्यानांचे दरवाजे सामान्य चिनी माणसाला खुले व्हावे लागले. या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, त्यांतून कोणती प्रथा निर्माण झाली आणि आज तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे आहेत, हे येथे पाहावयाचे आहे.

नाव आणि अर्थ

या कलेचे पूर्ण नाव ‘ताय-ची-छ्वान’ असे आहे. ‘ताय-ची’ म्हणजे परम टोक किंवा परम अवस्था. चिनी तत्त्वज्ञानात विश्वातील सर्व घडामोडींचा उलगडा यिन आणि यांग या दोन परस्परपूरक तत्त्वांच्या आधारे केला जातो. यिन म्हणजे छाया, स्थिरता, मृदुता. यांग म्हणजे प्रकाश, गती, कठोरता. ही दोन्ही ज्यातून उत्पन्न होतात ते ताय-ची. ‘छ्वान’ या शब्दाचा अर्थ मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. तेव्हा हे नाव मुळात एका युद्धकलेचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. श्वास किंवा प्राणशक्ती या अर्थाचा जो दुसरा चिनी शब्द आपल्याकडे ‘ची’ असाच लिहिला जातो, त्याचा या नावाशी संबंध नाही. मूळ लिपीत आणि उच्चारात ते दोन वेगळे शब्द आहेत.

या युद्धकलेचे मुख्य सूत्र असे की, बळाला बळाने भिडू नये. समोरून जोर आला की त्याला विरोध करण्याऐवजी त्याच्याबरोबर वळावे, तो रिकामा जाऊ द्यावा आणि प्रतिस्पर्ध्याचा तोल गेल्याच्या क्षणी त्याचाच जोर त्याच्यावर उलटवावा. हे साधण्यासाठी स्वतःचा तोल कोणत्याही स्थितीत ढळता कामा नये आणि शरीराचा कोणताही भाग विनाकारण ताठ असता कामा नये. सावकाश हालचालींचा सराव यासाठीच सुरू झाला. वेगात केलेली चूक लपून जाते, संथपणे केलेली लपत नाही.

खेड्यातून राजधानीकडे

ताय-चीच्या उगमाविषयी एक आख्यायिका लोकप्रिय आहे. वूतांग पर्वतावर राहणाऱ्या चांग सान-फंग नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाने एका पक्ष्याचे आणि सापाचे युद्ध पाहिले. सापाच्या लवचिक बचावातून त्याला या विद्येचा साक्षात्कार झाला, असे ती सांगते. थांग हाओ या संशोधकाने १९३० च्या सुमारास जुने कागदपत्र आणि वंशावळी तपासून या कथेला ऐतिहासिक आधार नसल्याचे दाखवून दिले. हनान प्रांतातील छन घराण्याच्या खेड्यात सतराव्या शतकात होऊन गेलेला छन वांग-थिंग हा लष्करी पेशाचा गृहस्थ या कलेचा आद्य प्रवर्तक असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याविषयी अद्याप वाद असले, तरी आज ज्ञात असलेल्या प्रमुख परंपरांचे धागे याच खेड्यापर्यंत जाऊन पोहोचतात, हे सामान्यतः मान्य आहे.

एकोणिसाव्या शतकात यांग लू-छान (१७९९–१८७२) हा परगावचा तरुण या खेड्यात विद्या शिकला आणि पुढे बीजिंगला गेला. तेथे त्याने मांचू सरदारांना आणि राजवाड्याच्या रक्षकांना शिकविले. त्याच्या शिष्यपरंपरेतून यांग आणि वू या दोन शैली उदयास आल्या. त्याचा नातू यांग छंग-फू (१८८३–१९३६) याने या कलेला आजचे रूप दिले. उड्या, जमिनीवर पाय आपटणे, एकाएकी वेग वाढविणे हे प्रकार त्याने गाळले. हालचाली मोठ्या, खुल्या आणि एकाच गतीच्या केल्या. बंदुकीच्या युगात मुष्टियुद्धाचे लष्करी महत्त्व ओसरले होते. त्याच वेळी, दुबळ्या झालेल्या राष्ट्राने शरीर कमावले पाहिजे, हा विचार सुशिक्षित चिनी समाजात बळावला होता. युद्धविद्येचे व्यायामात रूपांतर होण्यास काळ अनुकूल होता.

१९२८ : दोन दरवाजे

आता शांघायकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या शहराचा मोठा भाग ब्रिटिश, अमेरिकन आणि फ्रेंच यांच्या ताब्यातील वसाहतींत मोडत असे. हुआंगफू नदीच्या काठी १८६८ मध्ये तेथे ‘सार्वजनिक उद्यान’ या नावाची बाग उघडण्यात आली. नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द असला, तरी पुढे अनेक दशके चिनी नागरिकांना तेथे मज्जाव होता. परकीयांच्या मुलांना सांभाळणाऱ्या आयांसारख्या नोकरवर्गाला तेवढी मुभा असे. ‘कुत्र्यांना आणि चिनी लोकांना प्रवेश नाही’ अशी पाटी दाराशी होती, ही गोष्ट चीनमध्ये प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. नेमक्या याच शब्दांची पाटी होती काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. उपलब्ध नियमावलीत बाग परकीय समाजासाठी राखीव असल्याचे एक कलम आणि कुत्रे व सायकली यांना बंदी करणारे दुसरे कलम अशी दोन वेगळी कलमे आढळतात. अपमानाच्या दृष्टीने पाहता या फरकाला फारसे महत्त्व नाही. भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. आंतरराष्ट्रीय वसाहतीचे नियम ज्या पोलीस दलाच्या बळावर अंमलात येत, त्या दलात पंजाबातून आणलेले शीख शिपाईही मोठ्या संख्येने होते.

फ्रेंच वसाहतीतील उद्यान १९०९ मध्ये १४ जुलै या फ्रेंच राष्ट्रीय दिनी उघडण्यात आले. तेथेही सामान्य चिनी माणसाला प्रवेश नव्हता. हेच आजचे सुमारे ९ हेक्टरांचे फूशिंग उद्यान. १९२० नंतरच्या राष्ट्रीय चळवळीच्या दडपणामुळे १९२८ मध्ये या बागा तिकीट घेऊन येणाऱ्या चिनी नागरिकांना खुल्या झाल्या.

त्याच वर्षी दुसरी एक घडामोड झाली. चीनची राजधानी बीजिंगहून नानजिंगला हलविण्यात आली. सरकारी अधिकारी आणि श्रीमंत आश्रयदाते यांच्यावर अवलंबून असलेल्या बीजिंगमधील युद्धकला-शिक्षकांना दक्षिणेची वाट धरणे भाग पडले. यांग छंग-फू आणि वू शैलीचे प्रमुख वू च्यान-छ्वान (१८७०–१९४२) हे दोघेही १९२८ च्या सुमारास शांघायला आले. तेथे त्यांच्यासाठी भूमी तयार होती. १९१० मध्ये स्थापन झालेल्या चिंगवू संस्थेने युद्धकलांचे शिक्षण शहरी मध्यमवर्गात नेले होते आणि यांग छंग-फूचा शिष्य छन वेइ-मिंग याने १९२५ मध्येच ताय-चीसाठी एक मंडळ सुरू केले होते. वू च्यान-छ्वान यांनी १९३५ मध्ये स्वतःची संस्था काढली. त्यांची कन्या वू यिंग-ह्वा आणि जामात मा य्वे-ल्यांग यांनी ती परंपरा शांघायमध्ये १९९० च्या दशकापर्यंत चालविली. शिष्यांमध्ये कारकून होते, वैद्य होते, दुकानदार होते. यांपैकी फारच थोड्यांच्या घरी अंगण होते.

चोवीस हालचाली

१९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली. त्या वेळी शांघायमध्ये सार्वजनिक हिरवळीचे प्रमाण दरमाणशी सुमारे ०.१३ चौरस मीटर, म्हणजे जोडाभर पायतणे ठेवण्याइतके, होते. परकीयांचे घोडदौडीचे मैदान ताब्यात घेऊन त्याच्या एका भागावर १९५२ मध्ये ‘लोकउद्यान’ उभारण्यात आले. १९५१ पासून रेडिओवरील सूचनांबरहुकूम सामुदायिक कवायत करण्याची प्रथा कारखान्यांत आणि शाळांत सुरू झाली होती. अशीच साधी, एकसारखी आणि सर्वांना जमेल अशी ताय-ची हवी, असे शासनाच्या क्रीडाविभागाला वाटू लागले.

यांग शैलीच्या दीर्घ मालिकेत सुमारे शंभर हालचाली येतात. ती शिकण्यास वर्ष लागते आणि एकदा करण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तिच्यातील पुनरावृत्ती गाळून तज्ज्ञांच्या एका गटाने १९५६ मध्ये २४ हालचालींची संक्षिप्त मालिका तयार केली. ही पाच-सहा मिनिटांत पूर्ण होते. हालचालींची पारंपरिक नावे मात्र कायम राहिली : ‘रानघोड्याची आयाळ विभागणे’, ‘पांढऱ्या क्रौंचाने पंख पसरणे’, ‘चिमणीची शेपटी धरणे’, ‘ढगांसारखे हात’. आज जगात सर्वाधिक लोक करतात ती ताय-ची हीच.

या संक्षेपाविषयी जाणकारांत दोन मते आहेत. घराण्यांच्या परंपरेत वाढलेल्यांना तो उथळ वाटतो. युद्धकलेचा गाभा त्यातून निसटला आणि हातवारे तेवढे उरले, असे ते म्हणतात. उलट पक्षी, गुरूच्या घरी विधिपूर्वक शिष्यत्व पत्करल्यावाचून जी विद्या मिळत नव्हती, ती कोणत्याही कामगाराला बागेत उभे राहून शिकता येऊ लागली, हेही तितकेच खरे आहे. शांघायच्या उद्यानांत या दोन्ही धारा शेजारीशेजारी नांदत आल्या. एका झाडाखाली चोवीस हालचालींचा वर्ग, तर पलीकडच्या कोपऱ्यात जुन्या शैलीची दीर्घ मालिका करणारे चार-सहा जण, असे चित्र दिसू लागले.

१९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या परंपरा ‘सरंजामी’ ठरविण्यात आल्या, अनेक शिक्षकांचा छळ झाला आणि गुरुशिष्य-संबंध उघडपणे सांगणेही धोक्याचे झाले. ही लाट ओसरल्यावर, नोव्हेंबर १९७८ मध्ये, तेंग शियाओ-पिंग यांनी एका जपानी पाहुण्यासाठी ‘ताय-ची-छ्वान उत्तम आहे’ एवढेच शब्द कुंचल्याने लिहून दिले. या शब्दांचा अर्थ सर्वांना कळला. जे लोक घरात दार लावून सराव करीत होते, ते पुन्हा बागेत येऊ लागले.

सकाळची मंडळी

उद्यानांतील हे गट विस्तारण्यास आणखी एक कारण झाले. चीनमध्ये शहरी कामगारांच्या निवृत्तीचे वय दीर्घकाळ पुरुषांसाठी ६०, कार्यालयीन स्त्रियांसाठी ५५ आणि कामगार स्त्रियांसाठी ५० असे होते. जानेवारी २०२५ पासून ते टप्प्याटप्प्याने वाढविण्यास प्रारंभ झाला आहे. म्हणजे पन्नाशीत निवृत्त झालेल्या स्त्रीपुढे तीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असे. शांघाय हे वृद्धांचे प्रमाण वाढलेले चीनमधील पहिले शहर. ही अवस्था तेथे १९७९ मध्येच आली आणि आज तेथील नोंदणीकृत रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक साठीच्या पुढचे आहेत.

त्यात निवासाची अडचण. १९७८ च्या सुमारास शांघायमध्ये दरमाणशी राहण्याची जागा अवघी साडेचार चौरस मीटर होती. गल्लीतल्या जुन्या घरांत एकेका खोलीत तीन पिढ्या राहत. पहाटे सून स्वयंपाकाला लागली, मुले अभ्यासाला बसली की वृद्धाने उभे राहावे कोठे, हाच प्रश्न असे. दोन्ही हात पसरून वळता येईल एवढी मोकळी जागा घरात नव्हती; ती बागेत होती. उद्यान हे अशा कुटुंबाची जादा खोलीच होते. स्वस्त मासिक पास काढून लोक तेथे येत. आज शांघायमधील बहुसंख्य उद्यानांना प्रवेशमूल्य नाही.

या मंडळींची स्वतःची अलिखित व्यवस्था आहे. प्रत्येक गटाचे झाड किंवा कोपरा ठरलेला असतो आणि दुसरा गट सहसा तेथे उभा राहत नाही. शिकविणाराला ‘लाओशी’, म्हणजे शिक्षक, म्हणतात. विधिपूर्वक शिष्य झालेला मनुष्य ‘शीफू’, म्हणजे गुरू, म्हणतो. काही जण अल्प मोबदला घेतात, काही मुळीच घेत नाहीत. नवा माणूस मागे उभा राहतो आणि पाहून पाहून शिकतो. परंतु या मालिकेत शरीर वेळोवेळी वळत असल्याने पुढचे मागे होतात आणि मागचे पुढे. यासाठी अनुभवी मंडळी गटाच्या चारही कोपऱ्यांवर उभी राहतात, म्हणजे नवशिक्याने कोठेही तोंड केले तरी त्याच्यापुढे कोणीतरी जाणकार असतोच. कोणाही अधिकाऱ्याने न घालून दिलेली ही युक्ती या साऱ्या प्रथेचे मर्म सांगून जाते.

मालिका संपली की काही जण जोडीने ‘तुई-शौ’ करतात. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावतात आणि एकमेकांचा जोर स्पर्शानेच ओळखून तो वळविण्याचा प्रयत्न करतात. सत्तर वर्षांच्या सडपातळ माणसाने तरण्याबांड शिष्याला सहज दोन पावले मागे ढकलावे आणि दोघांनीही हसावे, हा प्रकार येथे नेहमीचा. त्यानंतर चहा आणि गप्पा. कोणी दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी चौकशी होते. एकुलते अपत्य दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या वृद्धांच्या दृष्टीने या चौकशीचे मोल व्यायामाहून कमी नाही.

शरीरात काय घडते?

आपले नेहमीचे चालणे म्हणजे पुढे पडत जाऊन वेळेवर पाय टाकून स्वतःला सावरणे होय. तरुणपणी हे सावरणे आपोआप होते. वय वाढले की मांडीचे स्नायू क्षीण होतात, तळव्यांची संवेदना बोथट होते, आणि पाऊल चुकले तर सावरण्यास लागणारा क्षणार्धाचा अवधी मिळत नाही. ताय-चीत पाऊल टाकण्याची रीत वेगळी आहे. सर्व भार एका किंचित वाकलेल्या पायावर ठेवून दुसरा पाय ‘रिकामा’ पुढे नेला जातो. टाच हलकेच टेकते, पाऊल ठरते, आणि मग भांड्यातून पाणी ओतावे तसा शरीराचा भार सावकाश त्या पायात येतो. जमीन निसरडी वा उंचसखल असल्यास पाय मागे घेण्यास शेवटपर्यंत वाव राहतो. कणा सरळ, खांदे सैल आणि श्वास संथ राहतो. एका मालिकेत हा भारबदल अनेक वेळा होतो. साहजिकच पायांचे स्नायू आणि तोलाची जाणीव ही दोन्ही घडत जातात.

या निरीक्षणाला प्रयोगांचाही आधार मिळाला आहे. अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरी ओलांडलेल्या २०० व्यक्तींवर केलेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १५ आठवडे ताय-ची शिकलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटलेला आढळला. २००५ मध्ये ऑरेगन राज्यातील २५६ वृद्धांवरील सहा महिन्यांच्या प्रयोगातही असाच निष्कर्ष निघाला. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील २०१२ मधील अभ्यासात, २४ आठवड्यांच्या सरावानंतर ताय-ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. अशा अनेक अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात पडण्याच्या घटना सुमारे १९ टक्क्यांनी कमी होत असाव्यात, असे दिसले. परंतु हा पुरावा फारसा भक्कम नसल्याचेही आढावाकारांनी नमूद केले.

म्हणून अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ताय-चीने प्रत्येक रोग बरा होतो, असे सांगणारे उद्यानांत पुष्कळ भेटतात. त्यास आधार नाही. चुकीच्या रीतीने, म्हणजे पाऊल एका दिशेस आणि गुडघा दुसऱ्या दिशेस ठेवून, वाकलेल्या पायावर वळल्यास गुडघे दुखावतात. औषधोपचाराची जागा ही कला घेऊ शकत नाही. तथापि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे ही किती घरांत अखेरच्या आजाराची सुरुवात ठरते, हे लक्षात घेतले तर पडण्याचा धोका थोडा जरी कमी झाला, तरी तो लाभ लहान म्हणता येणार नाही.

जागेचा प्रश्न

उद्यानातील जमाव शासनाला नेहमीच हवासा वाटतो, असे नाही. १९८० च्या दशकात श्वसनाधिष्ठित ‘छिकुंग’ साधनेची प्रचंड लाट चीनमध्ये आली आणि असंख्य गट बागांतून जमू लागले. त्यांतूनच वाढलेल्या फालुन गोंग या पंथाच्या सुमारे दहा हजार अनुयायांनी एप्रिल १९९९ मध्ये बीजिंगमधील सत्ताकेंद्राबाहेर मूकपणे एकत्र येऊन दाद मागितली. जुलैमध्ये त्या पंथावर बंदी आली आणि त्याच्या अनुयायांची कठोर धरपकड झाली. शासनमान्य क्रीडाप्रकार असल्यामुळे ताय-ची या वादळातून सुखरूप बाहेर पडली. मात्र पहाटे बागेत एकत्र उभे राहणे ही निव्वळ खाजगी बाब नाही, याची जाणीव त्या घटनेने सर्वांना दिली.

आजच्या अडचणी निराळ्या आहेत. मोठ्या आवाजात ध्वनिवर्धक लावून केले जाणारे सामूहिक नृत्य प्रौढ स्त्रियांत अत्यंत लोकप्रिय झाले आहे. त्या गोंगाटात ताय-चीचा संथपणा टिकत नाही आणि आसपासचे रहिवासीही तक्रारी करतात. ५ जून २०२२ पासून अंमलात आलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक कायद्यात सार्वजनिक जागी जमणाऱ्या अशा गटांसाठी तरतुदी करण्यात आल्या आहेत. लोकउद्यानाच्या एका भागात २००४ च्या सुमारापासून आठवड्याच्या अखेरीस आईवडील आपल्या अविवाहित मुलांची माहिती कागदावर लिहून स्थळे शोधत बसतात. तीच जागा धावणाऱ्यांना हवी, लहान मुलांना हवी, पिंजरे घेऊन येणाऱ्या पक्षिप्रेमींनाही हवी. पुनर्विकासात जुन्या गल्ल्या पाडल्या गेल्या आणि अनेक कुटुंबे दूरच्या उपनगरांत गेली. ज्या वृद्धाचे झाड पूर्वी पाच मिनिटांच्या वाटेवर होते, त्याला आता तासाभराचा प्रवास करावा लागतो. तरुण पिढीला सकाळी वेळ नाही, आणि ज्या शिक्षकांनी जुन्या गुरूंकडून प्रत्यक्ष विद्या घेतली त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे.

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताय-ची-छ्वानची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. हा सन्मान योग्यच होय. परंतु यादीतील नोंदीने कला जिवंत राहत नाही. तिला सपाट जमिनीचा तुकडा लागतो, त्यावर सावली लागते, तेथे पायी पोहोचता आले पाहिजे आणि दररोज येणारी माणसे असली पाहिजेत. २०२२ च्या वसंतात महासाथीमुळे शांघायमधील बहुसंख्य नागरिकांना सुमारे दोन महिने घराबाहेर पडता आले नाही. घरात जागा कितीही असली, तरी गट जमत नव्हता, तोल चुकल्यास सांगणारे कोणी नव्हते आणि गैरहजेरीची चौकशी करणारेही कोणी नव्हते. या कलेला उद्यानाची गरज किती आणि का आहे, हे त्या दोन महिन्यांत स्पष्ट झाले.

शहराची आखणी करताना रस्ते, घरे आणि बाजार यांची मोजदाद होते. एका वृद्ध माणसाला पहाटे हात पसरून उभे राहण्यास लागणारी दोन मीटर जमीन बहुधा कोणत्याही आराखड्यात दाखविली जात नाही. ज्या शहरात १९२८ पर्यंत स्वतःच्याच बागेत पाऊल टाकण्याची नागरिकांना मुभा नव्हती, त्या शहरातील लोकांनी ही दोन मीटर जमीन आपल्या रोजच्या वहिवाटीने मिळविली आहे. ती जपली गेली, तर ताय-चीही टिकेल.